जड घंटा तळाला जाते

सर, तुमच्या तेराव्याला गावच्या माधवराव पाटलांनी तुमच्या फोटोला हार घातला, नमस्कार केला आणि डोळ्यांना रुमाल लावला. मी रुमालाकडे बघत होते. कोरडा ठणठणीत होता. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "मॅडम, माणसाच्या रडण्यावर तरी संशय घेऊ नका." आणि मी म्हणाले असते, "रडण्यावर नाही घेत, रुमालावर घेते." आता ही दोन्ही वाक्यं मलाच म्हणावी लागतात. एकटीनं भांडायची सवय मला अजून लागलेली नाही.

तसा तुम्ही गेल्यापासून मला सगळ्यांचाच संशय येतोय. जे तुमच्याशी कधी धड बोलले नाहीत, ते तुमच्याविषयी भरभरून बोलतात. आपल्या मुरुमच्या कॉलेजात शोकसभा झाली. तुम्ही समाजाचा आधारवड होतात, हे मला तिथं कळलं. वडाखाली दुसरं काही धड उगवत नाही हे तुम्हीच वर्गात सांगायचात, त्यामुळे तो शब्द ऐकून तुम्ही पोट धरून हसला असतात. नंतर चहा झाला. चहाला कोण कुठं बसलं ते मी बघून ठेवलं. प्राचार्य मध्ये, संस्थेची माणसं त्यांच्या दोन बाजूंना, शिकवणारे भिंतीच्या कडेला, शिपाई दारात उभे. कोणी कोणाला बसवलं नव्हतं. म्हणजे तुमचंच म्हणणं खरं, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, खुर्च्या कुणीतरी मांडल्याच असतील ना.

हेच तर आपलं भांडण. तुम्ही समाजशास्त्र शिकवायचात, मी राज्यशास्त्र, आणि स्टाफरूममध्ये आपली टेबलं लागून होती. तुम्ही म्हणायचात, घर गवंडी बांधतो तसा समाज कोणी बांधत नाही. माणूस जन्मतो तेव्हा त्याची जागा आधीच मांडून ठेवलेली असते. तो फक्त जाऊन बसतो, आणि तो बसला की ती जागा आणखी पक्की होते. मी म्हणायचे, 'रीत आहे' असं कोणी म्हणालं की ताबडतोब विचारावं, कोणाची? रीतीच्या मागं एक माणूस उभा असतो. त्याला नाव असतं, घर असतं आणि बहुतेक वेळा विहिरीला पाणी असलेली जमीन असते.

एकदा प्राचार्य रजेवर होते. तुम्ही मला त्यांच्या खोलीच्या दारात नेऊन रिकामी खुर्ची दाखवलीत. "बघा मॅडम. पाटी नाही, कुलूप नाही, राखण नाही. बसतंय का कोणी?" मी सरळ आत जाऊन बसले. थोड्या वेळानं शिपाई आपल्या दोघांचा चहा घेऊन आला, मला बघून दारातच थबकला आणि म्हणाला, "मॅडम, तितं न्हाय बसायचं." मी तुमच्याकडे बघितलं, मिळाला की नाही माणूस? तुम्ही त्याला विचारलंत, "तुला कोणी सांगितलं असं?" तो विचारात पडला. "कुनी सांगाया कशाला पायजे सर? खुर्ची सायबाची हाय." मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तो चहा आपण दोघांनी उभ्यानंच प्यायला.

मला टायफॉइड झाला त्या सत्रात माझे तास तुम्ही घेतलेत. परत आल्यावर मुली म्हणाल्या, "सरांनी तुमच्यासारखंच शिकवलं मॅडम. नाव विचारा, नाव विचारा म्हणाले." म्हणजे माझ्या वर्गात उभं राहून तुम्ही माझी बाजू मांडलीत, तुमच्या स्वतःच्या विरुद्ध, आणि मांडलीत तीही माझ्यापेक्षा बरी. ह्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात 'सर' आणि 'मॅडम' ह्यांच्या पलीकडे कधी शब्द गेला नाही, आणि जायची गरजही पडली नाही. तुम्ही गेल्यावर मात्र वाटलं, एकदा तरी म्हणायला हवं होतं. माझं डोकं ज्यानं गंजू दिलं नाही असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, सर.

पण मला आज पोळ्याचं बोलायचंय. काल पोळा झाला.

तुमचं गाव लोहाऱ्याच्या रस्त्यावरचं. पोळ्याला गावातली बैलं वेशीबाहेर जमतात, एकेक जोडी तोरणाखालून आत येते आणि मारुतीला जाते. पहिली जोडी पाटलांची. मग त्यांची भावकी. मग बाकीचे, ज्याच्या त्याच्या पायरीनं. सगळ्यात शेवटी कलावतीबाईंचा बैल, एकटा. नवरा गेल्यावर त्यांनी जोडीतला एक विकला, उरलेल्याला पेरणीला शेजाऱ्याच्या बैलाबरोबर जुंपतात. त्यांची पाळी यायची तोवर तोरणाची पानं झडून गेलेली असायची आणि हलगीवाले जेवायला बसलेले असायचे. तुम्ही मला पहिल्यांदा पोळा दाखवायला नेलंत तेव्हा म्हणालात, "ह्या रांगेत अख्खं गाव वाचता येतं मॅडम." मी म्हणाले, "वाचून झालं असेल तर बदला."

मी टोमणा मारला होता. तुम्ही मनावर घेतलंत.

पुढच्या वर्षी ग्रामसभेत तुम्ही मांडलंत, की पहिल्या जोडीचा मान दर वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवावा. बाकीची रांग आहे तशी राहू द्या, पण पहिला कोण ते आधी कुणालाच माहीत नसावं. गाडी अडली ती पाटलांपाशी नाही, चिठ्ठीपाशी अडली. "चिठ्ठी लिवनार कोन?" "येकच नाव दोनदा लिवलं तर?" "आमाला वाचता येत न्हाय, तुमी काय बी वाचून दावताल." मला ते लोक फार आवडले, माझ्याच पंथाचे होते. शेवटी कलावतीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ज्याच्या त्याच्या बैलाच्या गळ्यातली घंटी टाका की मडक्यात. घंटी खोटं बोलत न्हाय." हे सगळ्यांना पटलं. आपल्या बैलाची घंटी जो तो अंधारातही ओळखतो, तिच्यावर कुणी दुसऱ्याचं नाव लिहू शकत नाही. मडक्यात हात कोणी घालायचा? ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं. तुमच्या वडिलांनी बैल कधीच विकले होते, तेव्हा हात तुमचा ठरला.

माधवराव पाटील ह्या सगळ्याला हो म्हणाले. इतक्या सहज, की माझ्या मनात पाल चुकचुकली. पिढ्यांचा मान सोडताना माणूस निदान खाकरतो तरी. हे म्हणाले, "सर म्हनतेत तर हू द्या," आणि पोळ्याच्या दिवशी मडक्यात घंटा टाकून मोकळे झाले. पितळेची, मुठीत न मावणारी, त्यांच्या आजोबांच्या बैलांपासून चालत आलेली. बाकीच्यांच्या पत्र्याच्या, लोखंडाच्या, काहींची तर नुसती घुंगरं. मडकं गदागदा हलवलं, तोंडावर फडकं बांधलं, हात जाईल एवढी फट ठेवली. तुम्ही हात घातलात आणि पितळेची घंटा बाहेर काढलीत.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मग येवढं नाटक कशाला केलं वो सर?" लोक हसले. पाटलांची जोडी नेहमीसारखी पुढं निघाली. मला वाटलं, तुम्ही खचून जाल. तुमच्या घरी येऊन बघते तर तुम्ही ताटावर बसलात आणि पुरणपोळीवर पुरणपोळी, वर तुपाची धार, वर पुरणाच्या येळवणीची आमटी, असे जेवलात की वहिनीही बघत राहिल्या. ज्याचा बेत फसला तो माणूस असा जेवत नाही, सर. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी त्या ताटावर ओळखलं.

मला एस.टी.ला सोडायला फाट्यावर आलात तेव्हा मी विचारलं. म्हटलं, खरं सांगा, पाटलांशी आधीच ठरलं होतं ना? पहिल्या वर्षी मान त्यांना, म्हणजे ते मडकं चालू देतील. एकदा मडक्यातून मान घेतला की पुढं मडक्याला नाही म्हणायची त्यांना सोय उरणार नाही. डाव म्हणून चांगला आहे. पण न्यायाची सुरुवातच लबाडीनं झाली तर तो न्याय किती दिवस टिकणार?

तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "आणि लबाडीशिवाय झाली, तर किती दिवस टिकणार?"

मग हसलात. एस.टी. आली. त्या हसण्याचा अर्थ मी माझ्या बाजूनं लावला. माणूस कबूल झाला, फक्त तोंडानं बोलत नाही.

त्यानंतरच्या पोळ्यांना पाटलांची घंटा पुन्हा कधी आली नाही. कधी माळ्यांचा बैल पुढं, कधी धनगरवाड्यातला, एकदा तर बाहेरून आलेल्या वाटेकऱ्याचा. गाव हळूहळू बदललं म्हणणार नाही, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून खांदेमळणी करताना प्रत्येक घरात 'उद्या आपली निघंल का' ही कुजबुज सुरू झाली. ज्यांनी कधी झूल शिवली नव्हती त्यांनी शिवली. पाटील दर वर्षी तुम्हाला विचारायचे, "सर, आमची घंटा रुसली का वो?" आणि तुम्ही दर वर्षी तेच उत्तर द्यायचात, "जड आहे पाटील, तळाला जाते." लोक हसायचे, पाटीलही हसायचे.

मी ते वाक्य वर्गात वापरायला लागले. चांगली रचना म्हणजे काय, तर जिच्यात जड माणूस आपोआप तळाला जातो, कोणाला त्याला ढकलावं लागत नाही. मुलांना ते फार आवडायचं, परीक्षेत लिहायची. आणि त्याच वाक्यानं माझा संशय पक्का केला. जड घंटा जर तळाला जाते, तर पहिल्या वर्षी ती तुमच्या हाताला वरच कशी लागली? तुम्ही खणून काढली असणार. हा पुरावा मी तुमच्यापुढं कितीदा मांडला असेन. तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत. "मॅडम, तुम्ही वकील व्हायला हवं होतं," एवढंच.

एक गोष्ट मात्र मी बघत होते आणि तिचा अर्थ लावत नव्हते. त्या पुढच्या पोळ्यांना तुम्हाला जेवण जायचं नाही. एक घास मोडायचात, आमटीचा भुरका घ्यायचात आणि हात धुवायचात. वहिनी म्हणायच्या, "पित्त हाय त्यास्नी," आणि तुमच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायच्या. कामाची ती एक गोष्ट सोडून मी बाकी सगळ्यावर संशय घेत बसले.

मग आषाढात तुम्ही गेलात. त्याविषयी मी लिहिणार नाही. मला अजून राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर पाटील उभे राहिले. म्हणाले, "गावाला दुःख हाय. औंदा मडकं नको. सरांच्या आठवनीत जुन्या रीतीनं पोळा करू. आमची जोडी पुढं ठिवू, झुलीवर सरांचा फोटू लावू." माना हलल्या. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. ज्या माणसानं रांग मोडली त्याच्याच फोटोला झुलीवर बसवून रांग परत आणायची, आणि तीही आदरानं. मला आदराचा संशय येतो तो असा. मी उठले आणि म्हणाले, सरांची आठवण ठेवायची तर मडकं ठेवा, फोटो नको. पाटील माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं. मग मॅडमनीच हात घालावा. त्यांच्या दावनीला बी बैल न्हाय. पर येक सांगतो. औंदा मडक्यातनं आमची घंटा निगाली, तर देवाचीच मर्जी समजायची आन मडकं कायमचं बंद करायचं." लोक माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणाले. मला भीती वाटली नाही. जड घंटा तळाला जाते, हे मी कितीतरी वर्षं शिकवलेलं होतं.

काल वहिनींनी माळ्यावरून मडकं काढून दिलं. वेशीबाहेर बैलं उभी होती, शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठसे. एकेकानं घंटा टाकली. पाटलांनी आपली चिंचेनं घासून लख्ख केली होती. कलावतीबाईंची पत्र्याची, एका अंगानं चेपलेली. गेल्या वर्षीच्या मानकऱ्यानं मडकं नेहमीसारखं हलवलं, फडकं बांधलं. मी हात घातला.

सर, ती वरच होती.

गार, गोल, गुळगुळीत. फटीतून बोटं आत गेली आणि पहिली लागली ती पितळ. मडकं हलवलं की लहान घंट्या फटीफटीतून खाली सरकतात आणि मोठी वर येऊन बसते. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात, हे मी रोज बघते आणि मला कधी सुचलं नाही. म्हणजे पहिल्या वर्षी कोणी काही ठरवलं नव्हतं. तुम्ही डोळे मिटून, सरळ हातानं, जे लागलं ते उचललंत. पाटलांनाही काही माहीत नसेल. किंवा असेलही, पण मोठी घंटा ज्याची, त्याला माहीत असायची गरजच पडत नाही. मी इतकी वर्षं ज्याचं नाव शोधत होते तो माणूसच नव्हता. मडकं होतं आणि घंटा होती. तुमचंच म्हणणं खरं निघालं.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, हात आत असतानाच. पुढच्या प्रत्येक पोळ्याला ती वरच आली असणार. प्रत्येक वेळी तुम्ही बोटं बाजूला घेऊन दुसरी उचललीत. ज्या वर्षी मी तुम्हाला लबाड म्हणाले त्या वर्षी तुम्ही प्रामाणिक होतात आणि पोटभर जेवलात. ज्या वर्षी मी टाळ्या वाजवल्या त्या वर्षी तुम्ही लबाडी केलीत आणि उपाशी उठलात. मला का सांगितलं नाहीत, तेही कळलं. मी नाव विचारलं असतं, आणि नाव तुमचं निघालं असतं. मडक्याच्या रीतीमागंही एक माणूस उभा होता. म्हणजे माझंही म्हणणं खरं. बघा, दोघं जिंकलो आणि सांगायला कोणी नाही.

लोक वाट बघत होते. माझी बोटं पितळेवर होती. सरळ हातानं उचलली तर मडकं कायमचं बंद. न उचलावी, तर फाट्यावर मी तुम्हाला जे बोलले ते सगळं मला लागू. मी फार वेळ विचार केला असं नाही. बोटं बाजूला घेतली. मग लक्षात आलं, की एक सोडली म्हणजे निवडायला सुरुवात झाली, आता उरलेल्यांतून आंधळेपणानं कशी उचलणार? चेपलेली कड हाताला लागली. कोणाची ते मला माहीत होतं. मी ती काढली.

कलावतीबाईंना आधी कळलंच नाही. मग त्या पुढं आल्या, घंटी हातात घेऊन कानाशी वाजवून बघितली आणि बैलाच्या गळ्यात बांधली. पानांनी भरलेल्या तोरणाखालून त्यांचा एकटा बैल सगळ्यात आधी गेला. हलगी अशी कडाडली की तो बुजला, त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. परत येताना त्या माझ्याजवळ थांबल्या, डोळे भरलेले, पदर ओला. म्हणाल्या, "म्या सांगितलं नव्हतं मॅडम? घंटी खोटं बोलत न्हाय." त्या पदराकडे मी दुसऱ्यांदा बघितलं नाही.

पाटील मागं उभे होते. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. अशी नजर मला चांगली ओळखीची आहे, सर, ती माझीच आहे. "मॅडम," ते म्हणाले, "आमची घंटा लागली न्हाय का हाताला?"

"जड आहे पाटील," मी म्हणाले. "तळाला जाते."

आणि मी हसले.

घरी वहिनी एकट्याच होत्या. दुःखाच्या घरात पुरण शिजत नाही, म्हणून कलावतीबाईंनीच दोन ताटं वाढून आणून दिली होती. पुरणपोळी, तूप, येळवणीची आमटी. वहिनींनी एक ताट माझ्यापुढं ठेवलं. मी एक घास मोडला, आमटीचा भुरका घेतला, आणि पुढं काही केल्या जाईना. वहिनी माझ्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "तुमालाबी पित्त झालं म्हना की."

त्यांनी एक रिकामं ताट घेतलं आणि माझ्या ताटावर झाकून ठेवलं.